सुताराचं बोट किती टक्के?

फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम सुरू असलं की हॉलच्या मधोमध एक ठोकून केलेलं टेबल दिसतं. वर प्लायवूड, त्याला एक चीर, आणि खालून उलटं बसवलेलं हातातलं कटर मशीन. चिरेतून इंचभर पातं वर आलेलं. बटण दोरीने आवळून ठेवलेलं, त्यामुळे हात सुटला तरी मशीन फिरतच राहतं. गार्ड केव्हाच काढलेलं, कारण त्याच्याआड मापाची रेघ दिसत नाही.

बऱ्याचदा घात होतो तो लाकूड पात्यावर आवळल्याने. चिरलेली फट मागच्या बाजूने मिटते, पातं अडकतं आणि फळी सुताराच्या अंगावर उसळते. ती दाबून धरलेला हात त्याच झटक्यात पात्यावर जातो. फट उघडी ठेवायला पात्यामागे पोलादी पट्टी लावता येते, फळी पुढे सरकवायला साधी काठी पुरते. ठोकलेल्या टेबलावर यांतलं काहीच नसतं.

तुटलेलं बोट जोडता येतं. पूर्ण तुटलेला अंगठा जपानमधल्या नारा इथल्या डॉक्टरांनी 1965 मध्येच जोडून दाखवला. मात्र ते बोट थेट बर्फात टाकलं तर पेशी मरतात. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. साइटवरच्या प्रत्येकाला एवढं तरी ठाऊक हवं.

मग भरपाई. 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यात अवयवांचा तक्ताच होता: अंगठा गेला तर कमाईची ताकद 30 टक्के घटली असं धरायचं, तर्जनी 14, करंगळी 7. तीस वर्षांच्या सुताराची पूर्ण तर्जनी गेली, तर दरमहा 15,000 रुपयांच्या वेतनमर्यादेने हिशेब साधारण 2 लाख 62 हजारांवर यायचा. तो महिन्याला 25,000 कमावत असला, तरी तेवढाच. नोव्हेंबर 2025 मध्ये हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला.

तक्ता बोट मोजतो, पण सुतार त्या बोटाने काय करत होता हे त्याला कळत नाही. ओडिशातल्या जेपोरमध्ये 1968 साली चित्रपटगृहाचं काम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. ही अंशतः अक्षमता आहे, असं मालकाचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये ते फेटाळलं: एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हे नुकसान पूर्ण शंभर टक्के. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय ठरते, हेही त्याच निकालात सांगितलं. रक्कम होती 9,800 रुपये, त्यावर व्याज आणि दंड. पण तोवर सात वर्षं उलटून गेली होती.

ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, नाव असेल तर वाट बरीच सोपी होते. उपचारांच्या काळात पगाराच्या 90 टक्के रक्कम मिळते, कायमचं अपंगत्व आलं तर आयुष्यभर मासिक लाभ. रोजंदारीवरच्या सुताराचं नाव तिथे क्वचितच असतं. त्याच्या वाट्याला पहिलं उत्तर येतं ते ‘हा आमचा माणूसच नाही’ असं. पगार रोखीने, हजेरी मुकादमाच्या वहीत. त्यातच दवाखान्याच्या केसपेपरवर ठेकेदाराच्या सांगण्यावरून ‘घरी लागलं’ असं लिहिलं गेलं, की पुढची लढाई निम्मी हरल्यातच जमा. अपघात कुठे आणि कोणाच्या कामावर झाला, हे पहिल्याच कागदावर यायला हवं. पैसे जमा झाल्याचे मोबाइलवरचे संदेश, कामाचे निरोप, सोबत्यांची नावं, सगळं जपून ठेवायला हवं. जुन्या कायद्यात दाव्याला दोन वर्षांची मुदत होती, आणि जखम भरून येईपर्यंत त्यातले महिने असेच निघून जातात.

गार्डचा मुद्दा निघतोच. कामगाराने ते जाणूनबुजून काढल्याचं मालकाने सिद्ध केलं, तर मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व सोडून इतर जखमांची भरपाई नाकारता येते. बोट गेलेला माणूस नेमका याच कचाट्यात सापडतो. टेबल ठेकेदारानेच तसं उभं केलं होतं, हे त्याने कशावरून दाखवायचं? दुसऱ्या दिवशी ते टेबल मोडून ठेवलेलं असतं. म्हणून फोटो त्याच दिवशी काढायला हवा, आणि तो सोबतच्या सुतारानेच काढायचा असतो, कारण जखमी माणूस तेव्हा दवाखान्याच्या वाटेवर असतो.