‘घरीच असते’ या उत्तराचं मोल

सर्वेक्षणासाठी प्रगणक दारात येते आणि विचारते, ‘वहिनी काय करतात?’ ओसरीवर बसलेला घरधनी सांगतो, ‘ती? काही नाही, घरीच असते.’ या वहिनींनी पहाटे गोठा झाडलेला असतो, दोन म्हशींची धार काढून दूध डेअरीला धाडलेलं असतं आणि भाकऱ्या उरकून त्या सोयाबीनच्या खुरपणीला निघालेल्या असतात. पण प्रगणकाने पुढे खोदून विचारलं नाही, तर त्यांच्या नावापुढे ९२ हा संकेतांक पडतो. त्याचा अर्थ, केवळ घरकाम. नवऱ्याच्या नावापुढे पडतो ११, म्हणजे स्वतःचा व्यवसाय. गोठा एकच, म्हशी त्याच, रानही तेच.

देशात किती स्त्रिया आणि किती पुरुष काम करतात, याचे आकडे अशाच असंख्य उत्तरांतून उभे राहतात.

बेरोजगारी सारखी, रोजगार निम्मा

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय एप्रिल २०१७ पासून नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण करतं. जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षाच्या अहवालात १५ वर्षं आणि त्यापुढच्या पुरुषांमधला बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता. स्त्रियांमधलाही ३.२ टक्केच. एवढंच वाचणाऱ्याला वाटेल, की स्त्री-पुरुषांत काही अंतरच उरलेलं नाही.

आता शंभर पुरुष डोळ्यांसमोर आणा. त्यातले ७६ कामावर आहेत, दोन-तीन जण काम शोधताहेत आणि उरलेले बहुतेक शिकताहेत किंवा थकलेले आहेत. शंभर स्त्रियांपैकी मात्र ४० जणी कामावर आहेत, जेमतेम एक-दोघी काम शोधताहेत आणि तब्बल ५८ जणी ‘श्रमशक्तीबाहेर’ आहेत. बेरोजगारीचा दर काढताना भागाकार होतो तो फक्त काम करणाऱ्या आणि काम शोधणाऱ्यांच्या बेरजेने. जवळपास काम नाही, घरच्यांची परवानगी नाही, मूल सांभाळायला कोणी नाही म्हणून जिने काम शोधणंच सोडलं, ती बेरोजगार ठरत नाही; ती हिशेबातूनच बाहेर पडते. म्हणून स्त्रियांच्या बाबतीत बेरोजगारीच्या दराने समाधान मानू नये. एकूण स्त्रियांपैकी कामावर किती, हाच खरा प्रश्न आहे.

वर्ष की आठवडा?

पुढचा पेच काळाचा. शेतीप्रधान देशात कामाला हंगाम असतो, त्यामुळे एकच माप पुरत नाही, हे अर्थतज्ज्ञ एम. एल. दांतवाला यांच्या समितीने १९७० मध्येच सांगितलं होतं. त्यातून १९७२-७३ पासून वेगवेगळ्या मापांनी मोजणी सुरू झाली. वार्षिक मापात मागच्या ३६५ दिवसांतला बहुतेक काळ कशात गेला हे पाहतात. शिवाय वर्षात किमान ३० दिवस काही जोडकाम केलं असेल, तरी ती व्यक्ती कामकरी धरली जाते. साप्ताहिक मापात मागच्या सात दिवसांत किमान एक तास काम केलेलं असावं लागतं.

विदर्भात कापूस वेचायला महिना-दीड महिना जाणारी बाई वार्षिक मापात कामकरी ठरते. मे महिन्यात तिला साप्ताहिक मापाने मोजा, ती दिसणार नाही. २०२३-२४ मध्ये स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग ४१.७ टक्के निघाला तो वार्षिक मापाने. २०२५ पासून दरमहा येऊ लागलेले आकडे साप्ताहिक मापाचे आहेत. त्यात पहिल्याच महिन्यात, एप्रिलमध्ये, हा सहभाग ३४ टक्क्यांच्या आसपास होता. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, पण एकाशेजारी दुसरा ठेवून ‘स्त्रियांचा रोजगार घसरला’ असं म्हणणं चूक आहे. फुटपट्टी बदलली, की लांबीची तुलना होत नाही.

पापड एकच, हिशेब दोन

तिसरा पेच सर्वांत अवघड आहे: काम म्हणायचं कशाला? घरच्यांसाठी लाटलेला पापड म्हणजे घरकाम. तोच पापड लिज्जतसाठी लाटला, की रोजगार. घरच्या शेतात बिनपगारी राबणारी स्त्री नियमाप्रमाणे कामकरीच आहे. तिच्यासाठी २१ हा वेगळा संकेतांक आहे. पण चुलीसाठी सरपण गोळा करणारी, घरच्यांचे कपडे शिवणारी ९३ खाली जाते आणि श्रमशक्तीबाहेर राहते. घरचा स्वयंपाक आणि घरच्या आजाऱ्याची शुश्रूषा तर रोजगाराच्या व्याख्येतच नाही.

हे काम किती आहे, हे २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणाने दाखवलं. बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात. जे पुरुष घरकाम करतात, ते ८८ मिनिटं. रोज जवळजवळ पाच तास आधीच खर्ची पडलेली बाई नोकरी का शोधत नाही, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

वाढ आहे, पण कसली?

२०१७-१८ मध्ये स्त्रियांचा सहभाग २३.३ टक्के होता. सहा वर्षांत तो ४१.७ वर गेला. ही मोठी वाढ आहे. मात्र याच काळात काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये नियमित पगारदार स्त्रियांचं प्रमाण २१ टक्क्यांवरून सुमारे १६ टक्क्यांवर आलं आणि स्वयंरोजगारातल्या स्त्रियांचं ५२ वरून ६७ टक्क्यांवर गेलं. या ६७ मधल्या निम्म्याहून अधिक जणी घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी मदतनीस आहेत. त्या आता मोजल्या जाताहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण त्यांच्या हातात पैसा येत नाही, हेही त्याच अहवालात लिहिलेलं आहे.

ऊसतोडीच्या पट्ट्यात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात; एकटा माणूस ‘अर्धा कोयता’. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मात्र बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. बाई निम्मा ऊस तोडते, मोळ्या डोक्यावर वाहते, आणि मुकादमाच्या वहीत तिचं स्वतंत्र नाव नसतं. सरकारी तक्त्यात आणि या वहीत तिचं एकाच तऱ्हेने नाहीसं होणं हा योगायोग मानता येत नाही.

प्रश्न नीट विचारला, तर चित्र सुधारतं. स्त्रियांचं काम निसटतं हे लक्षात आल्यावर १९९१ च्या जनगणनेत ‘शेतावर किंवा घरच्या उद्योगात बिनमोबदला केलेलं काम धरून’ अशा आशयाचे शब्द प्रश्नातच घालण्यात आले होते. नव्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. प्रगणक तुमच्या दारी येईल, तेव्हा घरातल्या बाईबद्दलचा प्रश्न तिलाच विचारू द्या. ती गोठ्यात, रानात, दुकानाच्या गल्ल्यावर, शिलाई मशीनवर जे जे करते, ते तिला तिच्या तोंडून सांगू द्या. आणि ताई, तुम्ही स्वतः उत्तर देत असाल, तर ‘काही नाही, घरीच असते’ असं कृपा करून म्हणू नका.