सहज विज्ञान : बंदुकीची लाथ
विसापूर किल्ल्यावर बेवारस पडलेली लोखंडी तोफ ज्या कारणास्तव प्रत्येक बारासरशी मागे सरत असे, त्याच कारणास्तव रायफलही खांद्यावर आदळते. कारण दारू पेटताच निर्माण होणारा वायू गोळीला पुढे आणि तितक्याच जोराने बंदुकीला मागे रेटतो. थ्री-नॉट-थ्रीची 11 ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे 740 मीटर धावते, तर 4 किलोंची रायफल साडेतीनशे पटींहून जड असल्याने जेमतेम 2-3 मीटर वेगाने मागे येते. बारा बोअरच्या बंदुकीच्या काडतुसातील छर्ऱ्यांचे वजन या गोळीच्या दुपटीहून अधिक, म्हणून तिची लाथ जबर. दस्ता खांद्यात घट्ट रोवल्यास शरीराचे वजन बंदुकीस मिळून धक्का सौम्य होतो. मात्र बोटभर फट राहिली, तर तोच दस्ता मोकळ्या वेगाने हाडावर आदळतो.