माणसें गांव कां सोडतात ?

आवणीचे दिवस आले म्हणजे मुरबाड, शहापूर व कल्याण तालुक्यांतील भातशेतकऱ्यांच्या तोंडीं एकच तक्रार असते : मजूर मिळत नाहींत, ठाण्या-कल्याणनें माणसें ओढून नेलीं. तक्रार खोटी नाहीं. परंतु शहरांत मजुरी जास्त म्हणून माणूस जातो, हें जें कारण आपण एकमेकांस सांगतों तें अपुरें आहे. शहरांतील मजुरी खेड्यापेक्षां नेहमींच जास्त होती. मग पूर्वीं हीं माणसें कां गेलीं नाहींत, आणि आतां गेलेल्यांपैकीं कांहीं मृगापूर्वीं परत येतात व कांहीं येतच नाहींत, हें कसें ?

आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यास आली व १ मे १८५४ रोजीं कल्याणपर्यंत धांवूं लागली. म्हणजे शहराची वाट तेव्हांपासून उघडी आहे. तथापि १९०१ च्या खानेसुमारींत ठाणें शहराची वस्ती सुमारें १६ हजार व कल्याणची ११ हजारांच्या आंतच होती. २०११ च्या खानेसुमारींत ठाण्याची १८ लाखांवर व कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर भरली. पहिलीं पन्नास वर्षें गाडी दारावरून जात होती, पण डोंगरपट्टींतील वारली, कातकरी किंवा ठाकर तींत बसला नाहीं, याचें एक मोठें कारण असें कीं त्याचे पाय कर्जानें बांधलेले होते. या जिल्ह्यांत 'लग्नगडी' हा शब्द जुन्या माणसांस ठाऊक आहे. लग्नाच्या खर्चासाठीं सावकाराकडून उचल घ्यावयाची आणि ती फिटेपर्यंत नवराबायकोनें त्याच्या घरीं व शेतावर राबावयाचें. ती उचल बहुधा फिटत नसे.

जानेवारी १९४५ मध्यें कल्याण तालुक्यांतील टिटवाळा येथें किसान सभेची परिषद भरली, आणि त्याच वर्षीं उंबरगांव व डहाणू भागांतील वारल्यांनीं शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढारीपणाखालीं वेठ करण्याचें नाकारलें. पुढें १९४८ चा कूळकायदा आला, १९७६ सालीं वेठबिगार बंद करणारा केंद्राचा कायदा झाला. बांधलेले पाय मोकळे झाले. परंतु लग्नाचा खर्च, आजारपण आणि भाद्रपदांतील रिकामी कणगी हीं होतीं तशींच राहिलीं. उचलीची गरज तीच, मात्र ती देणारा आतां निराळा आहे. पूर्वीं ती गांवांतील सावकार देई, म्हणून माणूस गांवांत अडके. आतां ती वीटभट्टीचा मुकादम देतो, म्हणून माणूस गांवाबाहेर जातो.

या व्यवहाराची रीत आपण जमीनवाल्यांनीं नीट पाहिली पाहिजे, कारण ती आपल्या पिकाच्या हंगामावरच बेतलेली आहे. आपल्याकडे सुमारें १०० इंच पाऊस चार महिन्यांत पडतो व उरलेले आठ महिने जमीन कोरडी. खाचरांत भाताचें एक पीक, वरकसावर नाचणी-वरी. राब भाजणें, चिखलणी, आवणी, कापणी, झोडणी हीं सर्व कामें धरलीं तरी ज्याची स्वतःची जमीन नाहीं किंवा नांवापुरतीच आहे अशा मजुराला वर्षाचे थोडेच महिने काम पुरतें. त्यांतहि भाद्रपद-आश्विनांत आवणी संपलेली असते व कापणीस अवकाश असतो. नेमक्या त्या दिवसांत मुकादम वाडींत येतो आणि एका जोडीस, म्हणजे नवराबायकोस, रोख आगाऊ रक्कम देतो. दिवाळी आटोपली कीं भांडीं, कोंबड्या व मुलें घेऊन हीं घरें भिवंडी, कल्याण, अंबरनाथ भागांतील भट्ट्यांवर जातात. तेथें माती मळणें, साच्यांत थापणें, वाळविणें व भट्टी रचणें हें काम पाऊस येईपर्यंत चालतें. मजुरी हजार विटांच्या दरानें लागते. आठवड्यास पोटापुरती खर्ची मिळते आणि खरा हिशोब शेवटीं होतो. त्या हिशोबांत उचल फिटली नाहीं तर बाकी पुढील सालावर ओढली जाते. मुलांची शाळा या काळांत सुटते. भट्टीवरील झोंपडीस 'भोंगा' म्हणतात, त्यावरून तेथील मुलांसाठीं विधायक संसद या संस्थेनें काढलेल्या शाळांस 'भोंगाशाळा' हें नांव पडलें.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. वीटभट्टीचें काम उघड्यावरचें असल्यामुळें ती पावसाळ्यांत चालूं शकत नाहीं. सबब रोहिण्या लागतां-लागतां ती आपला मजूर परत करते आणि तो आवणीस हजर असतो. आपली आवणी अडते ती भट्टीमुळें नव्हे. इमारतीचें काम, भिवंडी तालुक्यांतील भातखाचरांवर उभीं राहिलेलीं गोदामें, आणि ठाण्याच्या व डोंबिवलीच्या कारखान्यांतील कंत्राटी काम हीं बाराहि महिने माणूस ठेवून घेतात. भट्टीवर जाणारा अजून गांवचा असतो. त्याचा मुलगा गोदामांत लागला कीं तो गणपतीस पाहुणा म्हणून येतो.

हा अनुभव केवळ आपल्या जिल्ह्याचा नाहीं. जर्मनींत जन्मून इंग्लंडांत स्थायिक झालेले रॅव्हेन्स्टाइन यांनीं १८८५ सालीं ब्रिटनच्या खानेसुमारीवरून असें दाखविलें कीं बहुतेक माणसें जवळच्या जवळच हलतात. दूर जाणारा पुष्कळदां टप्प्याटप्प्यानें जातो. जव्हार-मोखाड्याचा मजूर ठाण्याच्या नाक्यावर उभा राहतो, दिल्लीस जात नाहीं. बायका पुरुषांपेक्षां अधिक संख्येनें जवळचीं स्थलांतरें करतात, हेंहि त्यांचेंच निरीक्षण. भारताच्या २०११ च्या खानेसुमारींत ४५ कोटींहून अधिक लोक पूर्वीच्या वस्तीहून निराळ्या ठिकाणीं आढळले व त्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांचें कारण विवाह हें होतें. सासरीं गेलेल्या लेकीस आपण स्थलांतरित म्हणत नाहीं एवढेंच.

टप्प्यांचें उत्तम उदाहरण ठाण्यांतच आहे. कुलाब्याच्या, म्हणजे आतांच्या रायगडच्या, किनाऱ्यावरील बेने इस्रायल लोक पिढ्यान्पिढ्या तेलाचे घाणे चालवीत. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून गांवकरी त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. इंग्रजी अमलांत ते पलटणींत, कचेऱ्यांत व गिरण्यांत नोकऱ्या धरून मुंबईस आले, ठाण्यास आले ; येथील त्यांचें प्रार्थनामंदिर १८७९ सालचें आहे. १९४८ सालीं इस्रायलचें राष्ट्र झाल्यावर त्यांतील बहुतेक तिकडे गेले. घाण्यावरून थेट परदेशीं कोणी क्वचितच गेला असेल. आधीं शिक्षण व नोकरी, मग आगबोट. तेथेंहि त्यांनीं 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिक चालविलें. अर्थात् त्यांच्या जाण्यांत धर्मभूमीची ओढहि होती, व ती मजुरीच्या कोष्टकांत बसत नाहीं.

कांहीं स्थलांतरांस तर हिशोबच नसतो. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून निघालेल्या सुमारें लाखभर लोकांस कल्याणजवळील रिकाम्या लष्करी छावण्यांत उतरविलें. ते मजुरीच्या शोधांत आले नव्हते. मागें राहणें शक्य नव्हतें म्हणून आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. छावणी नेमकी रेल्वेलगत होती व मुंबईची बाजारपेठ हाताशीं होती, त्यामुळें निर्वासितांची ती वस्ती लौकरच व्यापारी शहर बनली. माणूस कां निघाला याचें कारण एक, आणि तो अमुकच ठिकाणीं कां टिकला याचें कारण दुसरें असूं शकतें.

आतां थोडें आपल्याविषयीं. मजूर पळाले असें म्हणणाऱ्या आपल्यांतील किती घरचे मुलगे आज नांगरामागें आहेत ? पहिल्यानें डोंबिवलीस बिऱ्हाड केलें तें जमीनवाल्याच्या शिकलेल्या मुलानें. त्यास उचल घ्यावी लागली नाहीं ; बापानें भाताचा पैसा दिला. तो गेला त्यास आपण प्रगति म्हटलें. मजुराचा मुलगा गेला कीं शेती बुडाली असें म्हणतों. हें लिहितांना मला संकोच वाटतो, कारण माझ्याहि घरीं तसेंच घडलें आहे.

मजुरीचा दर वाढवून गोदामाशीं आपली स्पर्धा होणार नाहीं. पंधरा दिवसांची आवणी कितीहि चांगल्या दरानें दिली तरी तिच्यावर कोणी वर्ष काढूं शकत नाहीं. उपयोग होईल तो मागीपुढील महिने भरून काढण्याचा. भात निघतांच अंगओलीवर वाल, हरभरा पेरणें जेथें शक्य आहे तेथें तें अजून सर्वत्र होत नाहीं. मुरबाड-शहापुरांत ओहोळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यावर भेंडी होते व तिची तोडणी दिवसाआड असल्यानें हात गुंतून राहतात. जव्हार-विक्रमगडकडे आंब्या-काजूच्या वाड्या व मोगरा लावलेल्या घरांना पहांटे कळ्या खुडावयाच्या असतात. पाणी हवें, हें खरें. मुंबईस पाणी पुरविणारीं तानसा व भातसा हीं धरणें शहापूर तालुक्यांत, आणि त्याच तालुक्यांतील वाड्यांना उन्हाळ्यांत टँकर ! 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण तेथें म्हण राहिलेली नाहीं. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेल्या व १९७७ सालीं कायद्यांत आलेल्या रोजगार हमीखालीं बंधारे व विहिरी कशा झाल्या, हें प्रत्येक गांवानें आपल्यापुरतें तपासावें.

दुसरी गोष्ट आपल्या हातची आहे व तिला पाणीहि लागत नाहीं. मुकादमाची उचल ज्या महिन्यांत दिली जाते त्याच महिन्यांत गांवच्या सोसायटीनें खावटी म्हणून भात द्यावें, कापणीनंतर मजुरींत किंवा धान्यांत फेडून घ्यावें, व दोन्ही वेळां माप एकच असावें. ही खावटी पितृपक्षापूर्वीं वाडींत पोहोंचली पाहिजे. दसऱ्यापर्यंत मुकादमाचा अंगठा घेऊन झालेला असतो.