शरद ऋतूतील जलतापमान आणि माशांचा ठाव

परिसंस्थाशास्त्र शिकविताना समशीतोष्ण कटिबंधातील सरोवराचे उदाहरण हमखास दिले जाते. उन्हाळ्यात तेथे कोमट, हलके पाणी वर आणि थंड, जड पाणी खाली असे थर पडतात. शरदात पृष्ठजल निवू लागले की ते जड होऊन खाली बसते, वारा त्यास घुसळतो व अखेरीस सरोवर तळापर्यंत एकजीव होते. त्याबरोबर प्राणवायूही तळाला पोहोचतो. उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांतील लेक ट्राउट सुमारे १० अंश सेल्सिअसचे पाणी पसंत करतो. उन्हाळा खोलवर काढून शरदात तो प्रजननासाठी उथळ, खडकाळ भागात येतो. पाणी निवले की माशास सारे सरोवर मोकळे होते, असा या उदाहरणाचा मथितार्थ.

हाच नियम कोकण-गोव्याच्या समुद्रास लावल्यास मात्र विद्यार्थ्याची दिशाभूल होते. (तो मच्छीमार कुटुंबातील असल्यास त्यास हे जाणवतेही, वर्गात बोलून दाखवितो की नाही, हा प्रश्न वेगळा.)

नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत खोल समुद्रातील थंड पाणी उथळ भागावर चढते. थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो हे खरे. गोड्या पाण्यात १० अंशांस लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम, तर ३० अंशांस ७.६ मिलिग्रॅम मावतो. परंतु किती मावतो आणि किती असतो या दोन भिन्न गोष्टी होत. वर चढणारे हे पाणी दीर्घकाळ हवेपासून दूर राहिलेले असल्याने त्यातील प्राणवायू आधीच घटलेला असतो. त्यावर पावसाच्या व नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर झाकणासारखा बसतो, आणि विपुल वाढलेल्या प्लवकांचे मृतावशेष खाली कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपवितात. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी व सहकाऱ्यांना १९९९ च्या शरदात तळाच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड आढळले होते.

म्हणजे येथे थंडावा स्वतः मारक नसून प्राणवायूच्या अभावाची खूण ठरतो. कोळंबी, ढोमा यांसारखे तळचे जीव तो भाग सोडून जातात. दक्षिणेकडे कोचीच्या समुद्रात तळाच्या जाळ्यांना याच कारणाने मासळी कमी मिळते, हे कार्ल बान्से यांनी १९५९ मध्येच दाखविले होते. बांगडा व तारली मात्र वरच्या, अन्नसमृद्ध थरात थव्याने वावरतात. रापणीला या दिवसांत ही मासळी लाभते, त्यामागे हेही एक कारण मानता येईल.

उपग्रहाने टिपलेले तापमान केवळ पृष्ठभागाचे असते, ही त्याची मर्यादा या ऋतूत विशेष जाणवते. पुढे वारे व प्रवाह दिशा बदलतात, थंड थर खोल उतरतो आणि हिवाळ्याच्या आरंभी वरचे पाणी तळाशी मिसळून प्राणवायू परततो. तेव्हा तळची मासळीही परतते.