पदवी झाली, आता नोकरीचे पाहू



शेतकी विभागाच्या माणसाने ऊस सोडून नोकरीवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण कॉलेजचे निकाल लागले की गटकार्यालयात बेण्यापेक्षा पोरांच्या नोकरीचीच चौकशी जास्त होते. "साहेब, पोरगा बी.ए. झाला जी, कारखान्यात कुठंतरी लावून द्या." हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की, सभासद चपला काढतानाच ते ओळखू येते. त्यातला ‘लावून द्या’ हा शब्द आम्हाला खटकतो. नोकरी म्हणजे काही रोप नव्हे, बापाने लावले आणि उगवले. ती ज्याची त्याने शोधावी लागते, आणि शोधण्याचेही एक तंत्र आहे.

आधी कारखान्याचेच बोलू. गाळप हंगाम वर्षातून काही महिन्यांचा. कायम कामगार मोजके, बाकीचे हंगामी. बॉयलरवर माणूस ठेवायचा तर त्याच्याकडे बॉयलर अटेंडंटचे प्रमाणपत्र लागते, तो सभासदाचा मुलगा आहे की नाही हे बॉयलर पाहत नाही. प्रयोगशाळेत रसायनशास्त्राचा माणूस हवा. मिलवर फिटर, वेल्डर हवे. नुसत्या बी.ए.ला काय उरते? चिटबॉय नाहीतर कारकून, आणि त्या जागेसाठी अर्जांचा गठ्ठा पडलेला असतो. हां, पोरगा रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला असेल तर पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखर तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आहे, त्याची चौकशी जरूर करा. ही संस्था १९७५ साली ऊस उत्पादकांनीच उभी केली. असा शिकलेला माणूस एका कारखान्यावर अवलंबून राहत नाही, राज्यातला कोणताही कारखाना त्याला विचारतो.

दुसरा रस्ता सरकारी नोकरीचा. हिशेब मांडा. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांवर. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त उमेदवार. म्हणून परीक्षा देऊ नये काय? द्यावी, जोमाने द्यावी. पहाटे भंडाऱ्याच्या रस्त्यांवर पोलीस भरतीसाठी धावणारी पोरे दिसतात, त्यांच्या जिद्दीला आमचा नमस्कार. पण घरात बसून मुदत ठरवा. दोन वर्षे म्हणा, तीन म्हणा. आम्ही असे मुलगे पाहिले आहेत की, नागपुरात खोली करून पाच-सहा वर्षे काढली, बापाने दर हंगामाच्या बिलातून पैसे पाठवले, आणि शेवटी वय उलटून गेल्यावर पोरगा परत आला तेव्हा त्याच्या हाती अनुभव म्हणून सांगायला काही नव्हते. परीक्षेचा अभ्यास करताना अर्धा दिवस कोठे काम केले असते तर निदान तेवढे तरी पदरात पडले असते.

जुन्या मंडळींना एम्प्लॉयमेंटचे कार्ड आठवत असेल. १९५९ च्या कायद्याने रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणे बंधनकारक झाले, आणि कार्ड काढून ‘कॉल’ची वाट पाहण्याची आपल्याकडे रीतच पडली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नुसती कार्यालयातून नावे मागवून भागणार नाही, जाहिरातही द्यावी. तेव्हापासून कार्डाची वाट पाहण्यात अर्थ राहिलेला नाही. आता नोंदणी राज्याच्या ‘महास्वयम’ संकेतस्थळावर होते. ती करून ठेवा, पण नोंदणी झाली म्हणून पाय पसरून बसू नका.

आपल्या जिल्ह्यात कामाच्या जागा अगदीच नाहीत असे नाही. वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना, गडेगावला अशोक लेलँड, जवाहरनगरला आयुध निर्माणी, तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मॉईलच्या मँगनीज खाणी. अशा ठिकाणी शिरण्याचा सरळ दरवाजा म्हणजे शिकाऊ उमेदवारी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून आय.टी.आय. आणि इंजिनिअरिंगच नव्हे, तर बी.ए., बी.कॉम. झालेल्यांनाही शिकाऊ म्हणून घेता येते. हे पुष्कळ पालकांना ठाऊकच नाही. विद्यावेतन थोडे असते, कायम करतील याची हमी नसते, पण वर्षभराने हाती दाखला येतो आणि चार फोरमन ओळखीचे होतात. शासनाने २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. तीत पदवीधराला महिना दहा हजार ठरले होते. पुष्कळांनी ती कायम नोकरी समजली आणि मुदत संपल्यावर निराश झाले. प्रशिक्षण ते प्रशिक्षण, हे आधीच समजून शिरावे.

आणखी एक. कामाची जोखीम विचारून घ्यावी, त्यात लाज नाही. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि कामगार दगावले. त्या घरांचे दुःख जिल्हा विसरलेला नाही. विमा आहे काय, सुरक्षेचे शिक्षण किती दिवस देतात, हे प्रश्न पोराने विचारले तर कोणी अर्ज फेकून देत नाही.

आता कागदांचे. ऊस नोंदणीत गट नंबर चुकला तर तोडणी कशी अडते हे तुम्हाला सांगायला नको. तसेच इथे. दाखल्यावर बापाचे नाव एक, आधारवर दुसरे, सातबाऱ्यावर तिसरे, ऐनवेळी धावपळ. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, आणि जाहिरातीत मागितलेल्या काळाचेच प्रमाणपत्र चालते. जात पडताळणीला महिने लागतात, म्हणून ती जाहिरात येण्याआधीच करून घ्यावी. सगळ्या कागदांच्या झेरॉक्स एका फाईलीत आणि फोटो मोबाईलमध्ये असावेत.

अर्जात लिहायचे काय? पोरांचे अर्ज आम्ही वाचतो. "मी मेहनती असून कोणतेही काम करण्यास तयार आहे." कोणतेही काम म्हणजे कोणते? वाचणाऱ्याला काही बोध होत नाही. त्याच पोराने घरी तोडणी टोळीच्या उचलीचा हिशेब ठेवलेला असतो, ठिबकचा संच स्वतः जोडलेला असतो, मोटारीचा स्टार्टर दुरुस्त केलेला असतो, दूध संस्थेचे रजिस्टर लिहिलेले असते. ते मात्र अर्जात कुठे नाही! शेतातले काम सांगायला लाज वाटते. अहो, कीटकनाशक आणि खताच्या कंपन्यांना, ठिबकवाल्यांना, बँकेच्या कृषी कर्ज विभागाला असाच माणूस हवा असतो, ज्याला बांधी आणि उसाचा फड दोन्ही कळतात. केले तेच लिहा, पण आकड्यासकट लिहा. किती एकर, किती मजूर, किती वर्षे. अर्ज एक पानाचा पुरे. मुलाखतीला जाताना त्या कंपनीचा माल काय, एवढे तरी माहीत असावे.

मुलींबद्दलही दोन शब्द. निकालात आपल्या मुली पुढे असतात आणि नोकरीचा अर्ज मात्र भावाचा भरला जातो. नागपूरला वसतिगृहात पाठवायला मन धजत नाही, हे आम्ही समजू शकतो. पण बँकेच्या परीक्षा, परिचारिकेचे शिक्षण, आय.टी.आय.चे इलेक्ट्रॉनिक्स हे तिच्यासाठीही आहे. आधी तिला विचारा तरी.

सर्वांत महत्त्वाचे शेवटी ठेवले. एका सभासदाने ऊसबिलातून उचल मागितली. कारण विचारले तर म्हणाले, पोराच्या नोकरीचे पैसे भरायचे आहेत. नेमणुकीचे पत्र पाहिले. त्यावर खात्याचे नाव मोठे, पण जाहिरातीचा क्रमांक नाही, परीक्षा झालेली नाही, आणि मध्यस्थाने मुलाच्या मूळ गुणपत्रिका ‘ऑफिसात जमा’ म्हणून ठेवून घेतलेल्या. अर्धी बांधी आधीच गहाण पडली होती. सरकारी भरतीचे शुल्क अर्जासोबत भरतात, कोणाच्या हातात देत नाहीत. मूळ कागद तपासून लगेच परत मिळतात. ठेवून घेणारा माणूस लबाड समजावा. आणि लक्षात असू द्या, २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, म्हणजे पैसे बुडाले तर तक्रार करायलाही जीभ अडखळते. असे पत्र कोणाकडे आले असेल तर पैसे देण्यापूर्वी त्या खात्याच्या जिल्हा कार्यालयात जाऊन विचारा. एस.टी.चे भाडे तेवढे जाईल.

लागवडीच्या नोंदीसाठी गटकार्यालयात याल तेव्हा मुलाचा किंवा मुलीचा अर्ज सोबत आणा. कोठे काय चुकले ते आम्ही आणि आमचे सहकारी वाचून सांगू. अर्ज मात्र मुलानेच लिहिलेला असावा, आणि शक्यतो त्यालाच सोबत आणावे.