सहा पांढरे कप, एक काळा

विहिरीला किती क्लोरीन लागेल हे सांगणारी हॉरॉक्सची पेटी उघडली की आत सहा पांढरे कप दिसतात आणि एक काळा. काळ्याच्या आतल्या बाजूला एक गोल रेघ. शिवाय दोन धातूचे चमचे, ढवळायच्या काचकांड्या, एक पिपेट, ड्रॉपर आणि स्टार्च-आयोडाइडची बाटली. एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात नोंदवह्यांच्या गठ्ठ्यामागे ही पेटी पहिल्यांदा पाहिली, तेव्हापासून मी तिच्या नादी लागलो आहे. डॉक्टर मंडळींना तिचं कौतुक नाही. सार्वजनिक आरोग्यावरच्या 'पार्क'च्या जाडजूड पुस्तकात ती त्यांना भेटते, तोंडी परीक्षेला छळते आणि मग विस्मरणात जाते.

मला मात्र महाळुंग्यात गेलं की ती हटकून आठवते. महाळुंगे इंगळे, खेड तालुक्यातलं, चाकण-तळेगाव रस्त्याजवळचं. (बालेवाडीपलीकडचं महाळुंगे पाडळे वेगळं, ते २०२१ साली पुणे महापालिकेत गेलं.) या महाळुंग्याचं पोलीस ठाणं पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचं, कारखाने साऱ्या जगाचे आणि नळाचं पाणी ग्रामपंचायतीचं. कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांच्या रांगांमधून एकाच बिऱ्हाडात चार तऱ्हांचं पाणी नांदतं: वापरायला बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं, आलंच तर नळाचं आणि प्यायला वीस लिटरचा गार जार. यातलं चांगलं कोणतं, असं विचारलं की हमखास एक आकडा सांगितला जातो. टीडीएस.

त्या आकड्याकडे वळूच. आधी कप.

विहिरीत टाकायच्या टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरीतून सपाट चमचाभर, म्हणजे दोन ग्रॅम, काळ्या कपात घ्यायची. थोड्या पाण्यात घोटून रेघेपर्यंत पाणी भरायचं. सहा पांढऱ्या कपांत विहिरीचं पाणी. पहिल्यात काळ्या कपातला एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहाव्यापर्यंत. ढवळून अर्धा तास थांबायचं आणि प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब सोडायचे. जिथे क्लोरीन शिल्लक असेल तिथे पाणी निळं होतं. पहिला ठळक निळा कप तिसरा असेल, तर ४५५ लिटरला तीन चमचे, म्हणजे सहा ग्रॅम पावडर लागणार. बेरीज-वजाबाकी संपली.

या चाचणीची खरी करामत फार कमी ठिकाणी सांगितलेली आढळते. ती नुसतं पाणी जोखत नाही, पावडरही जोखते. ताज्या चांगल्या टीसीएलमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. पण पोतं उघडं राहिलं, दमट खोलीत पडलं की तो उडून जातो. आपल्याकडे २० टक्क्यांखालचा नमुना प्रयोगशाळा नापास करते, तरी ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यातल्या पोत्यात आज नेमका किती उरलाय हे कुणालाच ठाऊक नसतं. हॉरॉक्सला ते ठाऊक असायची गरजच नाही. पावडर मेलेली असेल तर निळा रंग पुढच्या कपात सरकतो आणि मात्रा आपोआप वाढते. पाण्यात सेंद्रिय घाण जास्त असेल तरीही तेच. दोन अज्ञात गोष्टी एकाच निळ्या रंगात सुटतात.

फरक किती पडतो ते पाहा. पाच मीटर व्यासाची विहीर, चार मीटर पाणी, म्हणजे साधारण ७८,५०० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम या ठोकळ नियमाने दोनशे ग्रॅम पावडर पुरते. पण तिसरा कप निळा झाला, तर त्याच विहिरीला किलोभराहून जास्त लागते. पाचपट! पावसाळ्यात गढूळ विहिरीवर ओंजळीच्या अंदाजाने पावडर टाकली जाते, तेव्हा 'टीसीएल टाकलं' अशी नोंद खरी असते आणि पाणी तसंच असतं.

ही पेटी बनवणारा माणूस लष्करी डॉक्टर. विल्यम हीटन हॉरॉक्स, जन्म १८५९. पाण्याच्या जिवाणू-तपासणीवर १९०१ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं. पुढे माल्टातल्या तापाचा शोध घेणाऱ्या आयोगात होते. तिथला जंतू बकरीच्या दुधातून येतो हे उलगडण्यात त्यांचा वाटा आहे. हिंदुस्थानातही त्यांची नोकरी झाली. मुलगा ब्रायन १८९५ मध्ये रानीखेतला जन्मला आणि दुसऱ्या महायुद्धात मोठा सेनापती झाला. 'अ ब्रिज टू फार' या सिनेमात तो दिसतो. बाप मात्र कुठल्याही सिनेमात नाही. पहिल्या महायुद्धात पलटणीमागून चालणाऱ्या पाण्याच्या गाड्यांसाठी त्यांची चाचणी कामी आली. ४५५ लिटर हा अडनिडा आकडा तिथलाच, इंग्रजी शंभर गॅलन. योगायोग असा की १९१५ च्या एप्रिलमध्ये ईप्रला जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला आणि त्यापासून सैनिकांना वाचवण्याच्या कामातही हॉरॉक्स होते. एकाच पदार्थाच्या दोन टोकांशी या माणसाचा संबंध आला.

त्यांच्या आधीची रीत रंगाची होती. आग्र्याचे सरकारी रसायनतज्ज्ञ अर्नेस्ट हॅन्किन यांनी पटकीच्या साथीत विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकायचा उपाय रूढ केला. पाणी गुलाबी होई, औषध पडल्याचं दिसे, समाधान होई. औषध पुरेसं पडलं की नाही, हे मात्र त्या गुलाबी रंगावरून धड कळत नसे. टीसीएल पांढरी, वासाची, नावडती. 'पाण्याला औषधाचा वास येतो' ही तक्रार आजही होते. मला विचाराल तर वास येणं ही तक्रार नसून पावती आहे. नळाच्या तोंडाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला हवा, असं भारतीय मानक सांगतं. ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे, थेंब टाकून पिवळा रंग बघणं, हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचं रोजचं काम.

आता टीडीएस. पेनसारखं यंत्र पाण्यात बुडवलं की आकडा उमटतो. ते मोजतं पाण्याची वीज वाहून नेण्याची क्षमता आणि त्यावरून विरघळलेले क्षार. आपला सगळा मुलूख काळ्या बेसाल्टचा. खडकाच्या भेगांतून वर आलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असणारच. बादलीवर पांढरी पुटं बसतात, डाळ शिजत नाही, आकडा मोठा येतो. मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं. पण त्याच भेगांतून शेजारच्या शोषखड्ड्याचं पाणीही विहिरीत झिरपतं, आणि त्यातले जंतू या पेनला दिसत नाहीत. टीडीएस ५० असलेलं पाणीही माणसाला दवाखान्यात पोहोचवू शकतं. विक्रेत्यांचा आणखी एक प्रयोग आहे: दोन पेल्यांत दोन-दोन कांड्या बुडवून वीज सोडायची. साधं पाणी तपकिरी गढूळ होतं, मशीनचं स्वच्छ राहतं, घरातले हबकतात. तो गढूळपणा बव्हंशी कांडीतल्या लोखंडाचा गंज असतो. क्षार काढलेल्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून कांडी गंजत नाही, इतकंच. ही सरळ फसवणूक आहे.

शहराचं पाणी आलं की प्रश्न सुटेल, अशी महाळुंग्यासारख्या गावांची आशा असते. पिंपरी-चिंचवडचं बहुतांश पाणी रावेतच्या बंधाऱ्यातून उचलून निगडीला शुद्ध होतं. पवना धरणातून शहराकडे येणाऱ्या बंद जलवाहिनीचा वाद आणि तिच्याविरुद्धच्या शेतकरी आंदोलनावर ९ ऑगस्ट २०११ ला बऊरला झालेला पोलीस गोळीबार यांवर पुष्कळ लिहून झालंय. कमी लिहिलं जातं ते नोव्हेंबर २०१९ पासून त्या शहरात दिवसाआड पाणी येतं यावर. नळ बंद असताना वाहिनीतला दाब पडतो आणि सैल सांध्यांतून बाहेरची घाण आत ओढली जाते. मग घरोघरी टाक्या, आणि टाकीत दोन दिवस साठलेल्या पाण्यात क्लोरीन कितीसा टिकणार? निगडीला पास झालेलं पाणी तिसऱ्या मजल्यावरच्या पेल्यातही पास असेल, याची हमी कुणी देऊ शकत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुइलेन-बॅरे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. संशयितांचा आकडा दोनशेवर गेला. सर्वाधिक रुग्ण सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात होते: नांदेड, किरकटवाडी, खडकवासला. ही गावंही २०२१ मध्येच महापालिकेत आलेली. संशय नांदेडच्या मोठ्या विहिरीवर गेला. धरणाचं पाणी त्या विहिरीत येई आणि गाळणीविना, फक्त क्लोरीन टाकून, पुढे जाई. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. म्हणजे ते पाणी विहिरीचं म्हणावं की शहराचं? दोन्ही. मग महापालिकेने खासगी आरओ केंद्रांचं पाणी तपासलं, अयोग्य ठरलेल्यांना टाळं ठोकलं. लोक चक्रावले: आरओ आणि दूषित? यात नवल काही नाही. आरओच्या पडद्याला क्लोरीन सोसत नाही, म्हणून तो आधीच कोळशाच्या गाळणीत काढतात. यंत्रातून बाहेर पडलेल्या पाण्याला मग राखणदारच उरत नाही. नीट न धुतलेला जार, तोटीला लागलेला हात, एवढं पुरतं.

जंतू ओळखायला गावाकडे प्रयोगशाळा नाही, ही सबबही जुनी झाली. १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतले मांजा, मौर्य आणि राव यांनी एक छोटी बाटली शोधली. आत औषधी कागदाची पट्टी. खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायचं. काळं पडलं तर पाण्यात विष्ठेचा शिरकाव झाल्याची शंका घ्यायची. पुन्हा लष्कराचंच देणं, हॉरॉक्ससारखं. आज जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण देतात, त्यात अशीच बाटली असते. ज्येष्ठात आळंदी आणि देहूहून पालख्या निघाल्या की वाटेवरच्या विहिरी, बोअर, टँकरचे भरणे सगळं तपासलं जातं, टीसीएल पडते, ओटी होते. लाखो लोक चालत जातात आणि पाणी बहुतांशी सांभाळलं जातं. म्हणजे यंत्रणेला हे काम येतं.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या आगेमागे, ग्रामपंचायतींच्या पाण्याच्या स्रोतांचं सर्वेक्षण होतं. गटार जवळ आहे का, कट्टा फुटलाय का, टीसीएलचा साठा आहे का, हे बघून लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं आणि साथ नाही, तर चंदेरी. महाळुंग्यातल्या खोल्यांमध्ये राहणारी माणसं जे पाणी प्रत्यक्ष पितात, त्या गार जारच्या केंद्राला मात्र यातलं कुठल्याच रंगाचं कार्ड नाही. तिथे भिंतीवर टांगलेला असतो टीडीएसचा आकडा.