ट्रॅक्टर आपला, पण दुरुस्ती कोणाच्या हातात? शेतकऱ्यांचा ‘दुरुस्तीचा हक्क’ नेमका काय आहे

पेंचच्या कालव्याला पाणी सुटलं आणि पारशिवनी तालुक्यात धानाची रोवणी सुरू झाली, की ट्रॅक्टरला उसंत नसते. चिखलणीचे दिवस मोजकेच. अशात समजा, ट्रॅक्टर बांधीतच बंद पडला. पूर्वी काय व्हायचं? पारशिवनीच्या नाहीतर कन्हानच्या मिस्त्रीला निरोप जायचा. तो पान्यांची पिशवी मोटारसायकलला अडकवून थेट वावरात यायचा. फिल्टर साफ करायचा, डिझेलच्या पाइपातली हवा काढायचा आणि बऱ्याचदा तिथंच काम भागायचं.

आता नव्या, मोठ्या ट्रॅक्टरमध्ये डॅशबोर्डवर दिवा लागतो, एक कोड दिसतो आणि चांगला हात असलेला मिस्त्रीही थांबतो. बिघाड कुठं आहे हे कळायला कंपनीचा स्कॅनर आणि सॉफ्टवेअर लागतं. ते मिळतं फक्त अधिकृत सर्व्हिस सेंटरला. तिथला माणूस येईपर्यंत रोवणी थांबते, मजूर मात्र रोजी मागतात.

हे बदललं कशामुळे?

१ जानेवारी २०२३ पासून देशात ५० हॉर्सपॉवरपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरला धुराचे कडक नियम लागू झाले. ते पाळायचे तर इंजिनात डिझेल किती आणि कधी जावं, हे सेन्सर आणि छोटा संगणक ठरवतो. धूर कमी झाला, ही चांगलीच गोष्ट. पण त्या संगणकाची चावी कंपनीकडे राहिली. लहान ट्रॅक्टरांची दुरुस्ती अजून बरीचशी पाना-हातोड्याने होते. अडचण मोठे ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर यांची जास्त आहे, आणि उद्या हे तंत्र लहान यंत्रांतही येणार.

दुरुस्तीचा हक्क म्हणजे काय?

साधी गोष्ट आहे. वस्तू आपण पैसे मोजून घेतली, तर ती स्वतः किंवा आपल्या पसंतीच्या मिस्त्रीकडून दुरुस्त करता आली पाहिजे. त्यासाठी चार गोष्टी लागतात: सुटे भाग, अवजारं, माहितीपुस्तिका आणि बिघाड शोधणारं सॉफ्टवेअर. या चारही गोष्टी वाजवी भावात सगळ्यांना मिळाव्यात, एवढीच मागणी आहे. कंपनीने फुकटात दुरुस्त करून द्यावं, असं कोणी म्हणत नाही.

कंपन्यांचंही एक म्हणणं आहे. कोणीही सॉफ्टवेअरला हात लावला तर धुराची आणि सुरक्षेची यंत्रणा बिघडेल, असं त्या सांगतात. त्यात तथ्य आहे. पण यंत्रणा बदलणं वेगळं आणि बिघाड वाचून खराब सेन्सर बदलणं वेगळं. पहिल्यावर बंदी ठेवूनही दुसरं खुलं करता येतं.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये खास शेतीच्या यंत्रांसाठी असा कायदा केला. १ जानेवारी २०२४ पासून तिथं कंपन्यांना शेतकऱ्याला आणि बाहेरच्या मेकॅनिकला या गोष्टी द्याव्या लागतात.

आपल्याकडे काय स्थिती?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली. तिने चार क्षेत्रं निवडली, त्यात मोबाईल, घरगुती उपकरणं आणि गाड्यांसोबत शेतीची अवजारंही आहेत. २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू झालं. पण स्वतंत्र कायदा अजून झालेला नाही.

तरीही शेतकरी रिकाम्या हाताने उभा नाही. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड लावला होता. सुटे भाग आणि बिघाड शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजला मिळू न देणं, हा आक्षेप होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगाने बजावलं. कंपन्या पुढे अपिलात गेल्या. प्रकरण गाड्यांचं होतं, पण मुद्दा ट्रॅक्टरलाही तोच आहे.

दुसरा आधार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. एक वस्तू किंवा सेवा घेतली तरच दुसरी देऊ, अशी सक्ती या कायद्यात गैर मानली आहे. ‘तुम्ही व्यावसायिक, ग्राहक नाही’ असं कोणी म्हटलं तर घाबरू नका. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच वस्तू घेतली असेल, तर कायदा त्या माणसाला ग्राहकच मानतो.

हा प्रश्न मिस्त्रीचाही आहे

मुस्लिम समाजात नोकरीपेक्षा स्वयंरोजगारावर जगणाऱ्यांचं प्रमाण जास्त आहे, हे सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवलं होतं. गॅरेज, वेल्डिंग, लेथ, बॅटरी ही कामं करणारे आपल्या ओळखीत किती आहेत, आठवून बघा. उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्या पोराचं कौशल्य कमी पडत नाही, त्याला माहिती मिळत नाही. सॉफ्टवेअर बंद राहिलं तर शेतकऱ्याचा हंगाम जातो आणि मिस्त्रीची रोजी.

आपण काय करू शकतो?

ट्रॅक्टर घेण्याआधी लेखी विचारा: सुटे भाग किती वर्षं मिळतील? बाहेर काम केलं तर वॉरंटीचं काय? माहितीपुस्तिका मराठीत आहे का? बिल, जॉबकार्ड आणि कोडचा फोटो जपून ठेवा. अडवणूक झाली तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. त्यानंतर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. वस्तूची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण तिथंच चालतं, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. तक्रार मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते.

तरुण मिस्त्रींनी सेन्सर आणि वायरिंगचं काम शिकून घ्यावं. कायदा उद्या आला, तर पाना आणि स्कॅनर दोन्ही चालवणारे हात गावातच तयार हवेत.